उंटावरचा शहाणा कोण?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठी भाषेने उंटाला फारसा न्याय दिलेला नाही. बैलाला तिने पोळ्यासारखा सण दिला, घोड्याला शौर्य दिले, गायीला तर मातेचे स्थान दिले. उंटाच्या वाट्याला मात्र दोन टिंगलीच्या म्हणी आल्या. एक ‘उंटावरचा शहाणा’ आणि दुसरी ‘उंटावरून शेळ्या हाकणे’. पहिलीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. वासराचे डोके रांजणात अडकते. गावकरी शहाण्याला बोलावतात. तो उंटावरून खाली उतरायला तयार नसतो, म्हणून वाड्याची भिंत पाडावी लागते. शेवटी तो वासराची मान कापायला सांगतो आणि मग रांजणही फोडायला लावतो. दुसऱ्याच्या अडचणीजवळ न जाता, उंचावर बसून सल्ला देणारा तो उंटावरचा शहाणा.

या म्हणी का झाल्या असाव्यात, यावर मी थोडा विचार केला. महाराष्ट्रात उंट नव्हते असे नाही. शिवकाळातील अठरा कारखान्यांत उष्ट्रखाना होता. पेशवाईत सांडणीस्वार पत्रे घेऊन दौडत आणि उंटाच्या पाठीवर बसविलेल्या लहान तोफांना जंबुरके म्हणत. पण हे सारे उंट सरकारी फौजेचे. कुणब्याच्या दारात उंट कधी बांधलेला नव्हता. त्यामुळे आपल्या लोकांनी उंट पाहिला तो दुरून, आणि त्यावर बसलेला माणूस पाहिला तो अधिकारी म्हणून. उंट पाळणारा, त्याच्या दोरीला धरून रोज पायी चालणारा माणूस आपल्या म्हणींत कुठेच नाही. मीसुद्धा तो कधी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी माघ महिन्यात पाहिला, आणि त्याच वेळी उंटावरचा शहाणा कोण असतो तेही कळले. ती गोष्ट सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमचे गाव गेवराई तालुक्यात, गोदाकाठापासून फार दूर नाही. माघात कापसाची वेचणी संपलेली असते आणि रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात. आई-वडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरी आजोबा, आजी आणि मी. एका सकाळी गावाबाहेरच्या पांदीने मेंढरांचा मोठा कळप आला. त्याच्यापुढे तीन उंट होते. उंटांच्या पाठीवर उलट्या घातलेल्या खाटा, खाटांत गोधड्या, हंडे, पिठाच्या पिशव्या, चार-पाच कोकरे, आणि एका उंटावर त्या पसाऱ्यात दोन-अडीच वर्षांचे एक मूल निवांत झोपलेले. उंटांच्या दोऱ्या बायकांच्या हातात होत्या. त्यांच्या अंगावर काळी लोकरी वस्त्रे होती. पुरुष पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला पागोटी, मेंढरांच्या मागे होते.

गावातली पोरे धावली. मोठी माणसे पारावर उभी राहून पाहू लागली. कुणी म्हणाले, हे राजस्थानी. कुणी म्हणाले, काठेवाडी. कुणी म्हणाले, यांचा काही भरवसा नाही, रात्री कापूस नेतात. मी खिशातून मोबाईल काढला, चित्रफीत घेतली आणि गावाच्या गटावर टाकली. खाली लिहिले : ‘गावात अनोळखी लोक आले आहेत. सर्वांनी सावध राहावे. लहान मुलांना बाहेर सोडू नये.’ तासाभरात तो संदेश शेजारच्या चार गावांत पोहोचला. मला वाटले, मी जागरूक नागरिकाचे कर्तव्य बजावले.

दुपारी आजोबांना हे कळले. आजोबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “तू त्यांला इचारलं का, कोण हायेत म्हणून?” मी गप्प. “मंग तुला कसं कळलं सावध ऱ्हायाचं?” इतके बोलून त्यांनी चप्पल घातली आणि ते सरळ त्या लोकांकडे गेले. मलाही मागोमाग जावे लागले.

आजोबांनी रामराम घातला आणि विचारले, “पाव्हणं, कुठलं गाव म्हणायचं?” त्या म्हाताऱ्या मेंढपाळाने हिंदी, गुजराती आणि मराठी यांच्या मिश्रणात सांगितले की गाव कच्छमध्ये आहे, पण त्याचा स्वतःचा जन्म महाराष्ट्रातच, वाटेवर झाला. ते रबारी होते. वडिलांच्या काळापासून त्यांचे कुटुंब विदर्भात फिरत आले आहे. पावसाळा एका ठिकाणी, उन्हाळा दुसऱ्या ठिकाणी. यंदा तिकडे चारा कमी म्हणून इकडे उतरले. अर्ध्या तासात आजोबांचा व्यवहार ठरला. मेंढरे दोन रात्री आमच्या कपाशीच्या रानात बसतील, पऱ्हाटीचा पाला खातील, आणि त्यांच्या लेंड्या-मुताचे खत रानाला मिळेल. बदल्यात आजोबा त्यांना ज्वारी देतील. धनगरांची मेंढरे रानात बसविणे आमच्याकडे पूर्वापार आहे. त्यात नवीन काहीच नव्हते. नवीन होते ते फक्त उंट.

त्या दोन संध्याकाळी मी त्या लोकांजवळ बसलो. जे ऐकले ते नंतर ग्रंथालयात बसून ताडून पाहिले. शाळेच्या पुस्तकात आपण ‘उंट हे वाळवंटातील जहाज’ एवढे एक वाक्य पाठ करून परीक्षा देतो. त्या वाक्याच्या आत केवढे शास्त्र आहे, हे कुणी सांगत नाही.

उंटाच्या मदारीत पाणी असते असे मला वाटत होते. ते खरे नाही. मदार ही चरबीची. पाणी वाचविण्याची उंटाची युक्ती वेगळीच आहे. दिवसा तो आपल्या शरीराचे तापमान वाढू देतो आणि रात्री उतरवतो. सुमारे ३४ अंशांपासून ४१ अंशांपर्यंत हा चढउतार त्याला सोसतो, त्यामुळे घामावाटे पाणी फारसे जात नाही. शरीरातील पाणी घटून वजन चतुर्थांशाने कमी झाले तरी तो जिवंत राहतो आणि पाणी मिळाले की एका दमात शंभर लिटरपर्यंत पितो. हिवाळ्यात हिरवा पाला मिळत असेल तर कित्येक आठवडे त्याला पाण्याची आठवणही होत नाही. त्याच्या पायाला खूर नसून मऊ गादी असते, म्हणून तो चालतो तेव्हा जमीन उकरली जात नाही. तो गवतापेक्षा झाडाझुडपांचा पाला अधिक खातो, आणि तेही एका झाडाशी उभे राहून नव्हे. चार घास इथे, चार घास पुढे, असे चालता चालता. बाभूळ, बोर, खैर यांच्या काट्यांचे त्याला भय नाही. मेंढरे खाली चरतात, शेळ्या मधल्या झुडपांना तोंड लावतात आणि उंट वरचा पाला ओरबाडतो. एकाच रानात तिघांचे पोट भरते आणि कुणी कुणाचा घास हिसकावत नाही.

पण हा प्राणी पाळणे म्हणजे घाईच्या माणसाचे काम नव्हे. सांडणी वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास माजावर येते. तिचा गाभणकाळ तेरा महिन्यांचा, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन वेतांत साधारण दोन वर्षांचे अंतर. म्हणजे एक सांडणी तिच्या उमेदीच्या काळात मोजकीच पिल्ले देते. हिवाळ्यात नर मस्तीत येतो, तोंडाला फेस आणतो, टाळूचा फुगा बाहेर काढून गुरगुरतो. त्या दिवसांत त्याच्याजवळ परक्याने जायचे नसते. खरूज हा उंटाचा नित्याचा शत्रू. राजस्थानातले लोक त्यावर तारामिऱ्याचे तेल चोळतात. दुसरा शत्रू ‘सर्रा’ नावाचा ताप, जो चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो आणि दमट हवेत बळावतो. उंटाला कोरडी, वाळूची, नाहीतर मुरमाड जागा मानवते. आपल्या काळ्या रानात पाऊस पडला की तो घसरतो, आणि पाय फाकून पडलेला उंट पुन्हा उभा राहीलच असा भरवसा नसतो. म्हणून पावसाळ्यात तळ कुठे टाकायचा हे ते लोक आधीपासून ठरवून ठेवतात. आम्ही पारावर बसून ज्यांना ‘भटके’ म्हणालो, ते कुठेही भटकत नव्हते. त्यांच्या वर्षाचा प्रत्येक महिना कुठल्या रानात जायचा हे त्यांच्या डोक्यात पक्के होते.

राजस्थानातील राइका आणि कच्छमधील रबारी हे एकाच परंपरेचे लोक. त्यांची एक कथा आहे. पार्वतीने खेळता खेळता मातीचा पाच पायांचा प्राणी केला आणि शंकराला त्यात प्राण घालायला लावले. पाचव्या पायाने त्याला चालता येईना, तेव्हा शंकराने तो पाय वर दाबला, तीच मदार. मग त्या प्राण्याला सांभाळायला माणूस हवा म्हणून शंकराने पहिला राइका निर्माण केला. कथेवर कुणी विश्वास ठेवो वा न ठेवो, तिचा आशय विचार करण्यासारखा आहे. आधी प्राणी आला आणि त्याच्यासाठी माणूस आला, असे हे लोक मानतात. सांडणीचे दूध विकणे त्यांच्यात पूर्वी पाप समजत. आता काळ बदलला आहे. गुजरातेत २०१९ पासून ‘अमूल’ने हे दूध बाटलीतून विकायला सुरुवात केली आणि कच्छच्या उंटपाळांना त्यातून काही आधार मिळू लागला.

असा आधार मिळाला नाही तर काय होते, हे आकडे सांगतात. १९७७ च्या पशुगणनेत देशात सुमारे ११ लाख उंट होते. २०१२ मध्ये ते ४ लाखांवर आले आणि २०१९ मध्ये अडीच लाखांवर. ट्रॅक्टर आले, रस्ते झाले, चराऊ राने कुंपणाआड गेली. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा मान दिला आणि २०१५ मध्ये त्याची कत्तल व परराज्यात नेणे यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू चांगलाच होता. पण नर उंट विकता येईनासे झाले, किमती कोसळल्या, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंट सांभाळले तेच म्हणू लागले की आता हे ओझे पेलवत नाही. प्राण्यावर प्रेम करायचे आणि त्याला पाळणाऱ्याला विचारायचेही नाही, ही रांजणासाठी वासराची मान कापण्याचीच तऱ्हा झाली.

याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण फार जुने नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, तळेगाव दशासर पोलीस ठाण्याच्या हद्दीत, कच्छहून पायी आलेले ५८ उंट ताब्यात घेण्यात आले. हे उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे चालले आहेत, अशी तक्रार होती. त्यांच्यासोबतच्या पाच पशुपालकांवर प्राण्यांना क्रूरतेने वागविल्याबद्दल १९६० च्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. उंटांना गायींसाठी चालविल्या जाणाऱ्या आश्रयस्थानात ठेवण्यात आले. रबाऱ्यांचे म्हणणे असे की विदर्भात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या आमच्या नातलगांना ओझ्यासाठी उंट हवे होते, ते आम्ही पोहोचवायला निघालो. प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी न्यायालयाने उंट त्यांच्या पाळणाऱ्यांच्याच ताब्यात परत देण्याचा आदेश दिला. तक्रार करणाऱ्यांच्या मनात दया नव्हती असे मी म्हणणार नाही. पण चालत चालत, झाडाझाडावरून चार घास घेत जगणारा प्राणी एका आवारात कोंडून त्याच्यापुढे गायीचा चारा टाकणे ही दया उंटाला मानवणारी नव्हती. आणि घरदार पाठीवर वाहणारे जनावर गेले म्हणजे त्या कुटुंबाचे काय होते? आपल्या घराचे छप्पर, कोठार आणि बैलगाडी एकाच वेळी जप्त व्हावी, तसेच ते.

ही बातमी वाचली तेव्हा मला माझा मोबाईलवरचा संदेश आठवला. अमरावतीत निदान तक्रार झाली, पोलीस आले, न्यायालय होते. जिथे तेवढेही होत नाही तिथे काय घडते, हे आपण धुळे जिल्ह्यात पाहिले आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या आधी मोबाईलवरून फिरत होते ते माझ्या संदेशासारखेच संदेश. ‘लहान मुलांना बाहेर सोडू नये’ हे वाक्य मी कुठून शिकलो, हे मला तेव्हा कळले. आमच्या गावात तसे काही घडले नाही, याचे श्रेय माझ्याकडे नाही. ते आजोबांच्या रामरामाकडे आहे.

आणखी एका गोष्टीची मला लाज वाटते. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली प्रसिद्ध झाले. ते आपण वाचतो, त्यावर टिपणे काढतो, परीक्षेत उत्तरे लिहितो. ‘रबारी’ या शब्दाचा अर्थही ‘बाहेर राहणारा’ असाच सांगतात. म्हणजे पुस्तकातला उपरा मला समजला आणि पांदीतून आलेला समजला नाही. यात पुस्तकाचा दोष नाही.

आता काही रास्त आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की ही जनावरे उभ्या पिकात शिरतात. हे खरे आहे, आणि ज्याचा हरभरा खाल्ला जातो त्याला माझा लेख वाचून समाधान होणार नाही. पण अशी नासाडी बहुधा केव्हा होते? जुनी पांद मोडून तिच्यावर नांगर फिरतो, पाणवठ्याची वाट बुजते, गायरान नावापुरते उरते. तेव्हा हजार पायांचा कळप जाणार कुठून? वाट बंद करायची आणि वाट सोडली म्हणून दंड करायचा, हा न्याय नव्हे. नुकसान झाले तर भरपाई जरूर घ्यावी. धनगरांच्या बाबतीत गावोगाव पंच बसवून ती घेतली जातच होती.

दुसरा आक्षेप गायरानासंबंधी. काहीजण म्हणतील, मग गायराने मोकळी करा. मराठवाड्यात राहून हे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांना गावाने कधी वीतभर जमीन दिली नाही, अशा भूमिहीन दलित कुटुंबांनी गायरानांवर घाम गाळला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह त्यासाठीच होता. एका गरिबाच्या चाऱ्यासाठी दुसऱ्या गरिबाची भाकरी काढून घेणे मला मान्य नाही. पण गायरानांवर हात मारणारे सगळेच भूमिहीन नाहीत, हेही गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आणि वेचणी झालेले रान, वाहतुकीची पांद, तळ्याचे पाणी हे तर कुणाचे काहीही न घेता देता येते.

तिसरा आक्षेप मुलांच्या शिक्षणाचा. उंटावर झोपलेल्या त्या मुलाने शाळेत जाऊ नये काय? अवश्य जावे. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच म्हणतो की हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची मुलेही पाचटाच्या कोपीत झोपतात आणि वर्ग बुडवतात. माझे प्राथमिक शिक्षण पुरे झाले ते केवळ आजी-आजोबा घरी होते म्हणून.

आई-वडील पाडव्याच्या आगेमागे परत आले, तेव्हा मी आईला उंटांची गोष्ट सांगितली. संदेशाची मात्र सांगितली नाही. आईने ऐकून घेतले आणि तिची एक आठवण सांगितली. काही वर्षांपूर्वी तोडीच्या एका गावी कुणाच्या तरी घरून भांडी चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी लोक सरळ तोडकऱ्यांच्या कोपीवर आले, गाठोडी सोडून पाहिली, काही सापडले नाही. तरीही पुढे आठ दिवस त्या वस्तीवरच्या हातपंपाचे पाणी त्यांना भरू दिले नाही. आई म्हणाली, “आपण तितं बाहेरचे ना.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग मी तिला संदेशाचेही सांगून टाकले. ती काही बोलली नाही, कामाला लागली.

वाचकहो, माझा मुद्दा येथे आहे. बीड जिल्ह्याने तरी या लोकांना परके समजू नये. कोरड्या मुलखातल्या माणसाला जगण्यासाठी चालावे लागते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? फरक असलाच तर तो त्यांच्या बाजूने आहे. आपण उचल घेऊन जातो, मुकादमाच्या हिशेबाने जातो आणि दुसऱ्याचे पीक तोडून परततो. ते स्वतःचे धन चालवीत, स्वतःच्या हिशेबाने जातात. बहात्तरच्या दुष्काळात आजोबांच्या दावणीची बैलजोडी मातीमोल किमतीने गेली. ते सतरा-अठरा वर्षांचे होते आणि खडी फोडायला जात होते. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. जनावरे एका जागी बांधून ठेवायची आणि चारा मैलोगणती लांबून गाड्यांत भरून आणायचा, हा आपला मार्ग. जिथे चारा आहे तिथे जनावर घेऊन जायचे, हा त्यांचा. आणि ज्या जिल्ह्यात पाऊसमान बेताचे, त्याच जिल्ह्यात आपण विहिरी आटेपर्यंत ऊस लावतो. मग शहाणा कोण?

याचा अर्थ बीडच्या शेतकऱ्यांनी उद्यापासून उंट पाळावेत असा नव्हे. आपली काळी माती आणि पावसाळा उंटाला मानवणारा नाही हे वर सांगितलेच आहे. पण त्यामागची रीत शिकण्याजोगी आहे. आफ्रिकेत, उत्तर केनियात, पिढ्यान्‌पिढ्या गुरे पाळणाऱ्या कित्येक कुटुंबांनी वारंवारच्या दुष्काळांत गुरे मेल्यानंतर उंट पाळायला सुरुवात केली आहे. मुलखाला परवडेल असे जनावर आणि मुलखाला सोसेल असे पीक निवडावे, हा त्यातला धडा. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ हे वर्ष उंटवर्गीय प्राण्यांचे आणि २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले. जगाने ज्यांच्यासाठी वर्ष राखून ठेवले, त्यांना आपण दोन रात्रींचे रान नाकारावे हे शोभत नाही.

मोठ्या सुधारणा सुचविण्याचा माझा अधिकार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. त्याची अंमलबजावणी करणे सरकारचे काम. पण तीन लहान गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. एक, प्रत्येक गावाने आपल्या पांदी, पाणवठे आणि मेंढरे बसवू देणारी राने यांची नोंद ग्रामसभेत करावी, म्हणजे आलेल्याला कुणाला विचारायचे ते कळेल. दोन, रस्त्यावर उंट दिसले म्हणून संशय घेण्याआधी त्यांच्या मालकाशी बोलावे आणि जनावराला इजा आहे असे वाटलेच तर पशुवैद्याला बोलवावे. तीन, आपल्या महाविद्यालयातील भूगोल व समाजशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, आपल्या तालुक्यातून कोण कोणत्या महिन्यात जनावरे घेऊन जाते, त्याची साधी पाहणी करावी. धनगर आहेत, काठेवाडी गवळी आहेत, रबारी आहेत. आपण त्यांच्याविषयी प्रबंध लिहू शकतो. निदान त्यांचे नाव-गाव तरी विचारू. प्राध्यापक महोदयांनी याचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो तळ उठला. बायकांनी उंट बसविले, खाटा उलट्या करून आवळल्या, कोकरे आत ठेवली आणि मूल वर दिले. आजोबांनी ज्वारीचे पोते स्वतः नेऊन दिले. म्हातारा रबारी आजोबांना म्हणाला, “पुढल्या साली पाऊस झाला तर येऊ, बापू.” आजोबा म्हणाले, “न्हाई झाला तरी या.”

मी गावाच्या गटावर दुसरा संदेश टाकला. त्यात लिहिले की हे लोक कच्छचे रबारी आहेत, मेंढपाळ आहेत, आमच्या रानात दोन रात्री राहिले आणि काही हरवले नाही. पहिला संदेश चार गावांत गेला होता. दुसरा आमच्या गावाबाहेर गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून तो येथे पुन्हा लिहिला आहे.